दुकानात मोबाइल क्रमांक देणे बंधनकारक आहे का?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)
सीताबर्डीवरील एका कपड्यांच्या दुकानात आईने रोख पैसे दिले, तरीही ‘नंबर टाकल्याशिवाय बिल निघत नाही’ असे काउंटरवरून सांगण्यात आले आणि मागे रांग वाढल्यामुळे तिने तो देऊन टाकला. ग्राहकाला असा नकार देता येतो का? कंपन्यांकडे जाणारी आपली माहिती कमी करण्यासाठी घरच्या घरी काय करावे?

उत्तर १
नकार अवश्य देता येतो. क्रमांकाची सक्ती करू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्येच किरकोळ विक्रेत्यांना कळवले आहे. त्यामागचा पाया २४ ऑगस्ट २०१७ चा आहे. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, आणि त्या पीठात आपल्या नागपूरचे न्या. शरद बोबडे होते, याचा मला अभिमान वाटतो. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमतीने घेतलेली माहिती कामापुरतीच असावी लागते आणि संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यायला हवी. मात्र त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून संमतीविषयीच्या तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. तोवर काउंटरवर शांतपणे ‘नंबर देणार नाही, बिल द्या’ एवढे म्हणावे.

उत्तर २
कायद्याइतकेच लक्ष फोनकडेही द्यावे. सेटिंग्जमधील परवानग्यांची यादी उघडली की साध्या टॉर्चच्या ॲपनेही संपर्कयादी मागितलेली आढळते. ती परवानगी लगेच काढावी. लोकेशन ‘फक्त ॲप वापरताना’ ठेवावे, आणि रिक्षा किंवा टॅक्सी बोलावण्यासारखे काम नसेल तर अचूक ठिकाणही बंद करावे. अँड्रॉइडवर जाहिरातींसाठीचा ओळख क्रमांक पुसता येतो. लॉजवर किंवा भाडेकरारासाठी आधारची झेरॉक्स मागितली, तर शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड आधार’ पुढे करावे. ते आधारच्या संकेतस्थळावरून डाउनलोड होते.

उत्तर ३
औषधांच्या दुकानात क्रमांकावर सवलत मिळते, ती ज्येष्ठांनी का सोडावी?

उत्तर १ यांचे पुन्हा
काका, सवलत जरूर घ्यावी, परंतु त्या क्रमांकाखाली आपल्या आजारांची नोंद साठत जाते, हे माहीत असू द्यावे. शक्य असल्यास अशा ठिकाणांसाठी बँकेशी न जोडलेला वेगळा क्रमांक ठेवावा. जाहिरातींचे फोन १९०९ वर नोंदणी करून थांबवता येतात, पण ज्या कंपनीला आपण स्वतः संमती दिली तिला ती नोंदणी अडवत नाही. तिथे संमतीच मागे घ्यावी लागते.