लहान विद्यापीठात कलेचा इतिहास शिकणे म्हणजे सहल नव्हे

लेणीवेडा

गेल्या आठवड्यात ‘ताळेबंद’ यांनी लिहिले होते की, केवळ कलेच्या इतिहासाला आणि संग्रहालयांना वाहिलेली लहान अभिमत विद्यापीठे म्हणजे सरकारी खर्चाने चालणारी सहल मंडळे आहेत. ज्याला खरोखर शिकायचे असेल त्याने मोठ्या विद्यापीठातून इतिहासात एम. ए. करावे आणि देवळे-लेणी रविवारी पाहावीत. त्या लेखाखाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागलेली पाहिली, म्हणून दोन ओळींचा प्रतिसाद न देता स्वतंत्र धागा काढत आहे.

मी संग्रहालयाच्या आवारात भरणाऱ्या अशाच एका लहान विद्यापीठात शिकलो. वर्गात आम्ही जेमतेम डझनभर विद्यार्थी होतो. लघुचित्रांचा तास पडद्यावरील चित्रांवर भागत नसे. आठवड्यातून एकदा दालनात जाऊन मूळ चित्रासमोर उभे राहावे लागे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, जम्मूकडच्या बसोहली शैलीच्या चित्रांत नायिकेच्या दागिन्यांतील पाचू रंगवलेले नसतात, तर भुंगेऱ्याच्या पंखावरील कठीण हिरव्या कवचाचे बारीक तुकडे कापून तेथे चिकटवलेले असतात. छापील पुस्तकात ती जागा काळपट ठिपक्यासारखी दिसते. बाईंनी आम्हाला चित्राच्या एका बाजूला, डोळे चित्राच्या पातळीवर येतील असे वाकवून उभे केले, तेव्हा तो ठिपका हिरवा पेटला आणि शेजारचे मोती कागदावर पांढऱ्या रंगाच्या उंचवट्याने उभारलेले आहेत हेही कळले. हे रविवारी तिकीट काढून येणाऱ्याला दिसत नाही, कारण कोठे वाकायचे हे सांगणारे शेजारी कोणी नसते. ताळेबंद यांनी याला सहल म्हणावे, माझी हरकत नाही; मात्र मग वैद्यकीय महाविद्यालयातील वॉर्डाच्या फेरीलाही सहलच म्हणावे लागेल.

दगडफोड्या

भुंगेऱ्याचा परिच्छेद सुंदर आहे आणि त्यामुळेच घातक आहे. असे चार प्रसंग सांगून लहान विद्यापीठांची जी बाजू झाकली जाते, ती मी भोगली आहे. मी दुसऱ्या एका अशाच विद्यापीठात शिकलो. नाव घेत नाही. तेथे शिक्षक तीन. त्यांपैकी एक निवृत्त झाले आणि मूर्तिशास्त्राची ऐच्छिक प्रश्नपत्रिका त्यांच्याबरोबरच निवृत्त झाली. संस्कृत शिकवणारे कोणी नव्हते, शेजारी इतिहासाचा विभाग नव्हता, तत्त्वज्ञानाचा नव्हता. ग्रंथालय संध्याकाळी पाचला बंद होई आणि आमचे तास साडेचारला संपत. बडोद्याची ललित कला शाखा 1950 साली सुरू झाली, तेव्हापासून तेथील कलेतिहासाचा विद्यार्थी चित्रकार आणि शिल्पकार घडत असलेल्या आवारातच वावरतो, आणि ती शाखा एका मोठ्या विद्यापीठाचा भाग आहे. आमच्याकडे मात्र तीन माणसे म्हणजेच विषय.

याचा परिणाम काय होतो, हे अजिंठ्याच्या अभ्यासदौऱ्यात कळले. आमचे सर अजिंठ्याचे अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांच्या कालगणनेचे कट्टर पुरस्कर्ते. महायान काळातील जवळजवळ सगळे काम वाकाटक राजा हरिषेणाच्या कारकिर्दीत, साधारणपणे इसवी सन 462 ते 480 या वीसेक वर्षांत झाले, हे आम्हाला पाढ्यासारखे पाठ करवले गेले. याआधीचे अभ्यासक ते काम सातव्या शतकापर्यंत ताणत असत, हे एका वाक्यात सांगून हसण्यावारी नेण्यात आले. आम्हाला दिवसभर भिक्षूंच्या खोल्यांच्या उंबऱ्याशी उकिडवे बसवून दाराचे खुंट ज्या खोबणीत फिरत त्या खोबणी मोजायला लावले, कारण स्पिंक यांच्या मते त्या खोबणींच्या बदलत्या पद्धतीवरून लेण्यांचा क्रम लागतो. परंतु हरिषेणाच्या मृत्यूचे वर्ष कोणत्याही शिलालेखात नाही आणि कालगणनेचे शेवटचे टोक दंडी या संस्कृत लेखकाच्या दशकुमारचरितातील एका कथेवर टेकवलेले आहे, हे मला पदवी हातात पडल्यानंतर कळले. मोठ्या विद्यापीठात शेजारच्या विभागातील एखाद्याने जिन्यात गाठून तरी सांगितले असते.

वऱ्हाडकर

स्पिंक, स्पिंक आणि स्पिंक! दशकुमारचरिताच्या आठव्या उच्छ्वासात, म्हणजे प्रकरणात, वाकाटकांच्या ऱ्हासाची आठवण दडलेली आहे, हे प्रथम कोणी मांडले? नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील, हरिषेणाचा मंत्री वराहदेव याच्या लेखाचे वाचन कोणी सुधारले? त्यांनीच. वाशीमचा ताम्रपट प्रकाशात आला नसता, तर वाकाटकांची वत्सगुल्माची स्वतंत्र शाखा होती हेच नीट समजले नसते. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, हे येथील किती पदवीधरांना ठाऊक आहे? अजिंठ्याला जाणाऱ्या अभ्यासदौऱ्यांच्या गाड्या छत्रपती संभाजीनगरहून परत फिरतात. ज्या राजाच्या कारकिर्दीवर प्रबंध लिहायचे, त्याच्या राजधानीकडे मात्र एकही गाडी वळत नाही. लहान विद्यापीठ आणि मोठे विद्यापीठ हा वाद तुम्ही खुशाल घाला. विदर्भाला विसरण्याच्या बाबतीत दोघेही सारखेच.

लेणीवेडा

वऱ्हाडकर, तुमची तक्रार रास्त आहे, पण ती या धाग्याची नाही.

दगडफोड्या, तुमच्या सरांनी शंका सांगितल्या नाहीत, हा त्या सरांचा दोष झाला. एकाच मताचे शिक्षक मोठ्या विद्यापीठात नसतात काय? तेथे दीडशे जणांच्या वर्गात तेच मत ध्वनिवर्धकावरून सांगितले जाते, इतकाच फरक. उलट, तुम्हाला त्या खोबणी मोजायला लावल्या म्हणून आज तुम्ही स्पिंक यांच्याशी वाद घालण्याच्या योग्यतेचे आहात. त्यांच्या मांडणीचा निम्मा भाग डोळ्यांनी पडताळता येतो, आणि तो लेण्यात वाकल्याशिवाय पडताळता येत नाही.

शेजारी विभाग नव्हते, हेही अर्धेच खरे आहे. आमच्या शेजारी इतिहास नव्हता, पण संवर्धनशास्त्र होते. अजिंठ्याला आम्ही त्या विद्यार्थ्यांबरोबर गेलो. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर मी त्या पिवळसर छटेवर रसग्रहणात्मक काहीबाही बोलू लागलो, तेव्हा त्यांच्यातील एका मुलीने शांतपणे विचारले की, ही छटा चित्रकाराची कशावरून? निजाम सरकारने 1920 ते 1922 या काळात दोन इटालियन तज्ज्ञांकडून भित्तिचित्रांची डागडुजी करून घेतली, तेव्हा चित्रांवर लाखेचे रोगण चढवले गेले आणि कालांतराने ते पिवळे-तपकिरी पडले. ज्यावर आपण शैलीचे इमले बांधतो त्यातील काही भाग विसाव्या शतकातील रोगणाचा आहे, हे मला इतिहासाच्या कोणत्या विभागाने सांगितले असते?

वऱ्हाडकर

माझी तक्रार या धाग्याची नाही कशी? दगडफोड्या म्हणतात की कालगणना एका कथेवर टेकली आहे. चुकीचे आहे. वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथील लेखात शके 380, म्हणजे इसवी सन 457-58, हे वर्ष स्पष्ट कोरलेले आहे आणि तो देवसेनाच्या, म्हणजे हरिषेणाच्या वडिलांच्या, काळातील आहे. हरिषेण त्याच्यानंतरचा, हे दगडात कोरलेले आहे. लेण्यांचे वय लेण्यांत बसून कळत नाही, त्यासाठी वाशीमला जावे लागते! आणि जेथे पुराभिलेखाचा शिक्षक नाही, तेथे असा लेख वाचायचा कोणी? आपला कलेतिहास हा अक्षरशत्रूंचा इतिहास होऊन बसला आहे, असे मी स्पष्टच म्हणतो.

दगडफोड्या

हिस्से-बोराळ्याचा लेख मला ठाऊक आहे; आपण शिकवणी घेण्याची आवश्यकता नाही. त्या लेखाने आरंभाचे टोक पक्के होते. मी शेवटच्या टोकाविषयी लिहिले होते. थाळनेरच्या ताम्रपटात हरिषेणाचे तिसरे राज्यवर्ष मिळते. पण त्याने किती वर्षे राज्य केले, हे त्यावरून ठरत नाही. आधी वाचावे आणि मग अक्षरशत्रू वगैरे विशेषणे वाटावीत.

बाकी, पुराभिलेखाचा शिक्षक हवा, हे तुमचे म्हणणे माझ्याच बाजूचे आहे. आभारी आहे, जरी तुम्ही ते भांडून दिले असले तरी.

थेम्सकाठ

लंडनमध्ये स्थायिक असल्यामुळे एक उदाहरण देतो. ‘परदेशातील कौतुके’ म्हणून कोणी धावून येऊ नये. 1932 साली स्थापन झालेली येथील कोर्टोल्ड संस्था हीसुद्धा लहान आणि एकाच विषयाची, कलेतिहासाची. स्वतःचा चित्रसंग्रह आहे, फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांचे मद्यालयातील सेविकेचे प्रसिद्ध चित्र त्यातच आहे. पण ती आरंभापासून लंडन विद्यापीठाच्या छत्राखाली वाढली. चालत जाता येईल अशा अंतरावर वारबर्ग या कला-संस्कृतीच्या इतिहासाच्या संस्थेचे ग्रंथालय आहे, जे 1933 मध्ये हॅम्बुर्गहून हलवून आणले गेले. लहानपणा तिला बाधला नाही, कारण भोवतीचे शहर आणि विद्यापीठ तिच्यासाठी मोकळे होते. आपल्याकडे लहान संस्थेभोवती उंच कुंपण घालतात आणि मग ती खुजी राहिली म्हणून तिलाच दोष देतात.

फार लांब कशाला, पुण्याचे डेक्कन कॉलेज पाहा. 1939 मध्ये संशोधन संस्था म्हणून ते पुन्हा सुरू झाले, तेव्हापासून पुरातत्त्व आणि भाषाशास्त्र एकाच आवारात नांदत आहेत, आणि 1948 पासून संस्कृत महाकोशाचे कामही तेथेच चालले आहे. तेही काही मोठे विद्यापीठ नव्हे.

सांजवात

आपण सगळे शिकून बाहेर पडलेले दिसता. मी सध्या दुसऱ्या वर्षात आहे, म्हणून मलाही बोलू द्यावे. हरिषेण केव्हा वारला यापेक्षा मला प्राध्यापकपदासाठीच्या नेट परीक्षेची अधिक चिंता आहे. कलेतिहासाला त्या परीक्षेत स्वतंत्र विषय नाही. तो दृश्यकलेच्या पोटात येतो. म्हणजे मी पुराणे आणि मूर्तिलक्षणे वाचून जायचे आणि चित्रकला, उपयोजित कला, मुद्राचित्रण यांची पदवी घेतलेल्यांबरोबर एकाच प्रश्नपत्रिकेला बसायचे, जिच्यात माझ्या विषयाचा वाटा एका कोपऱ्यापुरता असतो. दादा लोकांनो, मोठ्या विद्यापीठातील इतिहासाच्या मुलीला निदान तिच्या विषयाचे नाव असलेली प्रश्नपत्रिका मिळते. घरी आजोबा विचारतात की, तू चित्रकार होणार की शिक्षिका? दोन्ही नाही असे सांगितले की ते वर्तमानपत्र उघडतात.

तरीही लेणीवेडा यांचे एक म्हणणे मला पटते. आमच्या बाईंना माझ्या निबंधातील चुका महिन्याभरानंतरही आठवतात आणि त्या मला दालनातच, मूर्तीसमोर उभे करून सुनावतात. हे सुख आहे की शिक्षा, हे अजून ठरलेले नाही.

ताळेबंद

मूळ लेख माझा असल्यामुळे उत्तर देणे भाग आहे. एवढा मोठा धागा वाचून मी ‘सहल मंडळ’ हा शब्दप्रयोग मागे घेत आहे. वाशीमला न जाणारे सहल मंडळ, अशी दुरुस्ती करावी. मूळ मुद्दा तसाच आहे. लेणीवेडा यांनी एका बाईंची गोष्ट सांगितली, दगडफोड्या यांनी एका सरांची सांगितली. म्हणजे दोन्ही बाजूंचा पुरावा एकच आहे : लहान विद्यापीठात तुमचे भवितव्य एका माणसावर अवलंबून असते. ज्या व्यवस्थेत बाई चांगल्या निघाल्या तर पाचू दिसतो आणि सर हट्टी निघाले तर दोन वर्षे खोबणी मोजाव्या लागतात, तिला मी तरी सरकारी पैसा देणार नाही.

दगडफोड्या

ताळेबंद, माझ्या अनुभवावर तुमची पाटी लावू नका. मी विद्यापीठ बंद करा असे म्हटलेले नाही. पुराभिलेखाचा एक शिक्षक नेमा, ग्रंथालय रात्री नऊपर्यंत उघडे ठेवा आणि शेजारच्या विद्यापीठातील दोन प्रश्नपत्रिका आमच्या मुलांना गुणांकनासह घेऊ द्या, इतकेच माझे मागणे आहे. याला येणारा खर्च तुम्हीच मांडा. तुमचे नावच ताळेबंद आहे. आणि वऱ्हाडकर, पुढच्या हिवाळ्यात वाशीमचा दौरा तुम्ही आखणार असाल तर मी येतो. मात्र हिस्से-बोराळ्यासमोर उभे राहून शेवटच्या टोकाविषयी पुन्हा भांडणार आहे, हे आताच सांगून ठेवतो.