शब्दचर्चा: 'हातमाग', 'हातसडी' आणि आता 'मानवी अनुवाद'

शब्दसखी:

गेली २२ वर्षं मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. मागच्या महिन्यात एका कंपनीकडून दरपत्रक भरायला आलं. त्यात दोन रकाने होते. पहिल्यावर 'अनुवाद', दुसऱ्यावर 'मानवी अनुवाद'. मी सवयीने पहिल्या रकान्यात माझा दर लिहून पाठवला. तासाभरात फोन आला, "मॅडम, तुमचा आकडा वरच्या रकान्यात पडलाय. तुम्ही खालच्यात येता. वरचा मशीनचा आहे."

दुरुस्त करून पाठवला, पण ते शब्द डोक्यातून जाईनात. काही वर्षांपूर्वी अनुवाद म्हटला की तो माणसाचाच असायचा. यंत्राचा असेल तर 'यांत्रिक अनुवाद' असं मुद्दाम सांगावं लागायचं. विशेषण यंत्राला होतं. ते तिथून निघून माझ्या अंगावर कधी आलं, कळलंच नाही.

मग 'हातमाग' आठवला. माग हा हातापायांनीच चालायचा, त्यामुळे 'हात' वेगळा सांगायची गरज नव्हती. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला. नवा आलेला म्हणून त्याला 'यंत्र' लागलं, ते ठीकच. पण पुढे यंत्रमाग इतके वाढले की जुन्याला 'हात' लावून ओळखावं लागलं. 'हातसडीचा तांदूळ' तसाच. भात उखळात मुसळानेच सडायचे तेव्हा कोण कशाला 'हात' म्हणेल? (माझ्या भाचीला 'सडणे' म्हणजे कुजणे एवढंच माहीत आहे, त्यामुळे हा तांदूळ पाकिटात बघून ती घाबरली होती.) जात्यावरचं पीठ, घाण्याचं तेल, चुलीवरची भाकरी, पाट्यावरचं वाटण, हे सगळे त्याच वाटेने आलेले शब्दप्रयोग.

माझं म्हणणं असं, की नवं तंत्र समाजात मुरलं की नाही हे यंत्रांची संख्या मोजून कळत नाही, विशेषण कुणाला लागलंय ते बघून कळतं. ज्याला लागतं तो अपवाद. उघडा, नुसता शब्द ज्याच्याकडे जातो ती रीत. आज 'कृत्रिम' हे विशेषण यंत्राच्या बुद्धिमत्तेला आहे. ते किती दिवस टिकेल?

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्या भागात, तुमच्या धंद्यात असे विशेषण सरकलेले शब्द कोणते? आणि पुढचा शब्द कोणता असेल असं वाटतं? शिक्षक, चालक, डॉक्टर?

धोटा:

ताई, मी इचलकरंजीचाच. तुमच्या उदाहरणात एक पायरी राहिली.

आमच्या गल्लीत 'यंत्रमाग' असं बोलताना कुणी म्हणत नाही. तो शब्द पेपरात आणि मोर्चाच्या फलकावर. घरात नुसतं 'माग'. "मागावर गेलाय", "माग बंद आहेत". म्हणजे उघडा शब्द यंत्राने कधीच घेतला, हातमाग पाटीवर राहिला. पण गोष्ट तिथे थांबली नाही. शटललेस माग आले, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा धोटा (शटल) नसलेले, वेगाने चालणारे. आणि आमच्या वडिलांचे आठ माग एका रात्रीत 'साधे माग' झाले. सरकारी योजनांच्या अर्जातसुद्धा 'साधे यंत्रमाग' असाच उल्लेख असतो. ज्यांनी हातमागाला 'हात' लावला, त्यांनाच आता 'साधा' लागला.

कायद्यात तर याहून पुढची गंमत आहे. हातमागासाठी काही कापडप्रकार राखून ठेवणारा १९८५ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात हातमागाची व्याख्या काय? यंत्रमाग सोडून दुसरा कोणताही माग. हजारो वर्षांच्या वस्तूची ओळख दोन-अडीचशे वर्षांच्या वस्तूवरून!

आणखी एक शब्द देतो. आमच्याकडे मजुरी 'पिकावर' ठरते. ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे अमुक पैसे. धोटा एकदा इकडून तिकडे गेला की आडवा एक धागा पडतो, तो एक पीक. मूळ इंग्रजी 'पिक', पण वेलांटी दीर्घ होऊन तो आपल्या शेतातल्या पिकासारखाच झाला. माझी आजी समजायची की जसं शेतात पीक तसं मागावर पीक, आणि तिला कुणी दुरुस्त केलं नाही. आता शटललेसमध्ये धोटाच नाही, तरी मोजणी पिकातच. यंत्र बदललं, मजुरीचा शब्द टिकला. तो टिकला कारण त्यावर माणसं एकत्र बसून भांडत आली.

काळी माती:

शेतातले घ्या. 'खत' म्हणजे पूर्वी उकिरड्यातलं, शेणाचं. रासायनिक आलं तेव्हा त्याला माझे आजोबा 'सरकारी खत' म्हणायचे. आज "खत टाकलं का?" म्हणून विचारलं तर उत्तर युरियाच्या गोणीत असतं. जुन्याला 'शेणखत' म्हणावं लागतं.

ज्वारीचंही तेच. 'सीएसएच-१' हे संकरित वाण १९६४ साली आलं, पाठोपाठ आणखी आली आणि गावोगाव 'हायब्रीड' हा शब्द रुळला. आमच्याकडे 'हायब्रेट' म्हणतात. घरची जुनी ज्वारी झाली 'गावरान'. पण इथे शब्दसखीताईंशी माझं थोडं वेगळं मत आहे. विशेषण लागलं की माल खाली जातोच असं नाही. 'हायब्रीड' म्हणजे दिसायला मोठं, आत दम नाही, असा अर्थ लोकांनीच दिला. अशक्त पोराला "हायब्रीड आहे" म्हणतात. उलट गावरान अंडं, गावरान तूप, यांचा भाव चढला. समाजाने विशेषणाला मानाचं केलं. मग 'मानवी अनुवाद' हाही उद्या गावरान तुपासारखा महाग होणार नाही कशावरून?

शब्दसखी:

काळी माती, मुद्दा पटला, अर्धाच. हातसडीचा तांदूळ एके काळी ज्यांना गिरणी परवडत नव्हती त्यांच्या ताटात होता. आज तो शहरातल्या दुकानात साध्या तांदळाहून महाग. मान वाढला हे खरं, पण तो वाढेपर्यंत सडणाऱ्या बायकांचं काम जाऊन दोन पिढ्या झाल्या होत्या. मला मधल्या पिढीची काळजी आहे. 'हात' हा शब्द महाग होईपर्यंत ज्यांचे हात रिकामे राहतात त्यांची.

निवृत्त पाटबंधारे:

मी ३४ वर्षं धरणांवर काम केलं. दोन शब्द मांडतो. एक अभिमानाचा आहे, एक नाही.

पहिला 'स्वयंचलित'. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला १९०३ साली स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की दरवाजे आपोआप उघडायचे, उतरलं की बंद व्हायचे. माणूस रात्री जागा राहायची गरज नाही. पण ती पातळी कोणती, हे माणसाने हिशेब करून ठरवलेलं होतं. 'स्वयं' दरवाजापुरतं होतं, निर्णयापुरतं नव्हतं. पुढे येणाऱ्या यंत्रांना आपण हाच शब्द लावतोय आणि हा फरक त्यात बुडून जातोय, याची मला खंत वाटते. स्वयंचलित आणि स्वयंनिर्णयी, असे दोन शब्द वेगळे ठेवावेत असं मला मनापासून वाटतं.

दुसरा शब्द 'धरणग्रस्त'. ग्रस् म्हणजे गिळणे. घास, ग्रास, ग्रस्त, सगळे त्याच धातूचे. दुष्काळग्रस्त, रोगग्रस्त, पूरग्रस्त यांच्या रांगेत आम्ही बांधलेलं धरण जाऊन बसलं. कायद्यात 'प्रकल्पबाधित' असा सौम्य शब्द आहे, पण लोकांनी तो घेतला नाही. मुळशीला १९२१ मध्ये सेनापती बापटांनी लोकांना घेऊन सत्याग्रह केला, तेव्हापासून या महाराष्ट्रात धरणाने गिळलेल्यांचा प्रश्न बोलला जातोय. त्यातून शब्द घडला, शब्दातून 'प्रकल्पग्रस्त दाखला' निघाला, आणि त्या दाखल्यावर सरकारी नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. शब्द आधी आला म्हणून हक्काला रकाना मिळाला.

पुनर्वसनाच्या नोंदणीला मी स्वतः टेबलावर बसलोय. अर्जात रकाना असायचा 'मूळ गाव'. एक म्हातारी म्हणाली, "मूळ कसलं, गाव म्हना की." तेव्हा मी नुसता फॉर्म भरून घेतला. आज ही चर्चा वाचताना कळलं ती काय म्हणत होती. त्या दिवसापर्यंत तिचं 'गाव' होतं. धरण आलं आणि गावाला विशेषण लागलं.

आता यंत्राने काम गेलेल्या माणसाला काय म्हणणार? बेरोजगार म्हटलं की दोष त्याच्याकडे जातो. '-ग्रस्त' लागलं तर निदान कारण दिसतं. असा शब्द अजून नाही, म्हणून रकानाही नाही.

धातुकोश:

उत्तम चाललंय. व्युत्पत्तीच्या अंगाने थोडी भर घालतो.

'यंत्र' हा शब्द 'यम्' धातूपासून. अर्थ आवरणे, धरून ठेवणे. संयम, नियम, नियंत्रण ही सगळी भावंडं. संस्कृतात 'यन्ता' म्हणजे सारथी, लगाम हातात असणारा. आपला 'अभियंता' त्याच घरातला. युरोपीय भाषांतला इंजिनिअर युक्ती लढवणारा, आपला लगाम धरणारा. शब्द घडवताना कुणी इतका विचार केला असेल-नसेल, पण अर्थ त्यात आहे आणि तो आपल्याला वापरता येईल. पाटबंधारेकाकांचा खडकवासल्याचा दरवाजा हे या अर्थाने खरंखुरं यंत्र. जे आवरता येत नाही त्याला यंत्र म्हणावं का, असा प्रश्न मराठीत विचारता येतो.

'तंत्र' तर थेट धोट्याच्या घरचा शब्द. 'तन्' म्हणजे ताणणे. तंत्र म्हणजे मुळात माग, मागावरचा ताणलेला उभा धागा. तंतू, ताणा तिथूनच. तंत्रज्ञान म्हणजे शब्दशः मागाचं ज्ञान!

आणि 'रोबोट'. १९२० साली चेक लेखक कारेल चापेक यांनी नाटकात तो आणला, सुचवला त्यांचे भाऊ योसेफ यांनी. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने करायचं बिनमजुरीचं काम. मराठीत याला नेमका शब्द आहे: वेठ. संस्कृत 'विष्टि', कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही येतो. आपण भाषांतर करताना 'यंत्रमानव' केलं. त्यात यंत्र आलं, मानव आला, आणि वेठ गळाली. नाटकातले रोबोट लोखंडाचे नव्हतेच, सजीव द्रव्यापासून बनवलेले होते. मुद्दा वेठीचा होता. ज्या देशात वेठबिगार बंद करायला १९७६ मध्ये कायदा करावा लागला, तिथे हा अर्थ गळावा हे मला लागतं.

शब्दसखी:

धातुकोश, 'वेठ' वाचून बराच वेळ पुढे काही टंकता आलं नाही.

यंत्र अनुवाद करायला कशावरून शिकलं? माणसांनी केलेल्या अनुवादांवरून. मूळ वाक्य आणि त्याचं भाषांतर, अशा असंख्य जोड्या त्याला दाखवल्या गेल्या. त्यात माझीही वाक्यं असतील. औषधांच्या पत्रकांची, बँकेच्या नियमांची, रात्री जागून केलेली. त्याचा मोबदला त्या-त्या गिऱ्हाइकाने तेव्हा दिला, पण यंत्राला शिकवण्याचा कुणी दिला नाही, विचारलंही नाही. म्हणजे वेठ यंत्राची म्हणायची की आमची?

पाटबंधारेकाका, तुमचा प्रश्न मी घेऊन बसले आहे. 'यंत्रग्रस्त' करून पाहिला. पण सगळं यंत्र गिळत नाही, मिक्सर आल्यावर माझ्या आईचे खांदे दुखायचे थांबले. धोट्याच्या 'पीक' या शब्दातून मला जास्त धीर येतो. तिथे काम मोजायचं माप काम करणाऱ्यांना माहीत होतं आणि त्यावर घासाघीस करता येत होती. आमच्या धंद्यात माप आहे 'शब्द'. शब्दामागे अमुक पैसे. आता यंत्राने केलेलं माणसाने तपासून द्यायचं, तर शब्द कुणाचे मोजायचे, मूळचे की मी बदललेले? याला मराठीत अजून नावसुद्धा नाही. मी मैत्रिणींशी बोलताना 'निवडणं' म्हणते. तांदूळ निवडतो तसं, खडे काढायचे. नजर सगळ्या दाण्यांवरून फिरते, हातात येतात ते चार खडे. मजुरी चार खड्यांची द्यायची की सगळ्या सुपाची, हा आमचा वाद आहे, आणि तो मांडायला मला 'निवड' हा शब्द पुरेसा वाटतो.

दरपत्रक मी काल पुन्हा पाठवलं. पहिल्या रकान्यात 'अनुवाद' या शब्दाआधी 'यांत्रिक' लिहिलं, दुसऱ्यातला 'मानवी' खोडला.

धोटा:

'निवड' चांगला आहे ताई. आमच्याकडे कापड मागावरून उतरलं की टेबलावर पसरून तुटलेले धागे, गाठी बघतात, त्यालाही मजुरी वेगळी असते आणि ती मीटरवर, दोषावर नाही. सगळं कापड बघावं लागतं म्हणून. हे तुमच्या वादात वापरा.

भिवंडी, मालेगाव, सोलापूरचे कुणी इथे असतील तर सांगा, तुमच्याकडेही आमच्यासारखे 'साधे माग'च म्हणतात, की वेगळा शब्द आहे?