ड्यूक विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ, २०२४-२५ (हंगामापूर्वीची चर्चा): पहिल्या पाचांत कोण?

प्रश्न: कूपर फ्लॅग, कॉन कनिपल आणि खमान मलुआच हे तिघे नवखे पहिल्या सामन्यापासून खेळतील असे धरले, तर टायरीस प्रॉक्टरच्या जोडीला प्रशिक्षक जॉन शायर केलेब फॉस्टरला उतरवतील की ट्युलेन विद्यापीठातून आलेल्या सायन जेम्सला?

उत्तर १: सुरुवात फॉस्टरच करेल, असे मला वाटते, मात्र अटीतटीच्या शेवटच्या मिनिटांत प्रतिस्पर्ध्याचा मुख्य गार्ड (चेंडू हाताळून खेळ रचणारा खेळाडू) रोखायला दणकट जेम्सच हवा.

उत्तर २: मला खरी चिंता मलुआचची आहे. सात फूट दोन इंचांचा हा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) बास्केटखाली भिंतीसारखा उभा राहील, पण त्याचे फाउल (नियमभंग) लवकर वाढून त्याला बाहेर बसावे लागले, तर सिराक्यूजहून आलेला चपळ मलिक ब्राउन आत येईल आणि बचावात प्रतिस्पर्ध्याच्या गार्डलाही सहज रोखेल. पर्ड्यूहून आलेल्या मेसन गिलिसला तीन गुणांच्या फेकीसाठी राखून ठेवावे.