निळूभाऊ व्हिलन नसलेला सिनेमा सुचवा, आईला दाखवायचाय

माणदेशी_गडी:
मंडळी, आई सध्या माझ्याकडे आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून दिवसभर यूट्यूबवर जुने मराठी सिनेमे चालू. काल निळू फुले दिसले तर तिनं मोबाईलच पालथा घातला, म्हणे मुडदा बशिवला त्याचा, नको मला ते तोंड. लहानपणी पण हेच! जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा, बाया एकीकडं बाप्ये एकीकडं, मी आईच्या मांडीवर, आणि निळूभाऊ टोपी तिरकी करून नुसते हसले तरी बायकांच्या बाजूनं शिव्या सुरू. घरात कधी आवाज न चढवणारी आई तिथं सगळ्यात पुढं 😄 तेव्हा मला वाटायचं ती खरंच निळूभाऊंवर चिडलीय, आता कळतं त्या शिव्या गावातल्या कुणाकुणाच्या नावच्या होत्या, अंधारात कोण कुणाला विचारतंय. पण निळूभाऊंवरचा राग काय अजून गेला नाही बघा. तर ते भले माणूस असलेला एखादा सिनेमा सांगा. 'सारांश' सिनेमा सांगू नका, त्यातला गजानन चित्रे पुढारी म्हणजे परत तेच.

पेठेतला_जावई:
सिंहासन लावा की! १९७९ चा, जब्बार पटेलांचा. त्यात ते दिगू टिपणीस, पत्रकार. सत्तेचा सगळा बाजार बघत फिरणारा माणूस आणि शेवटी त्याचं ते वेड्यासारखं हसणं... हसणं तेच, पण इथं पोटात कालवतं. आईंना राजकारण जड जाईल कदाचित पण अरुण सरनाईक आहेत, श्रीराम लागू आहेत, बघतील.

वडापाव_९०:
माझं मत वेगळं, सामनाच दाखव. त्यातला निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील साखरसम्राट आहे, वाईट आहे, पण मास्तर समोर आल्यावर तो आतून कसा हलत जातो ते बघण्यासारखंय. आमचे पप्पा त्या सिनेमाचे एवढे भक्त की मी प्रगतीपुस्तक लपवलं की जेवताना शांतपणे त्या मास्तरचाच प्रश्न विचारायचे, "मारुती कांबळेचं काय झालं?" घास अडकायचा राव. पप्पा गेल्यावर मी तो परत बघितला, तो प्रश्न आला आणि पॉज करून बसलो जरा.

सेवादलवाली:
सिनेमा राहू दे, आधी आईंना माणूस कोण होता ते सांगा. पुण्यात लष्कराच्या मेडिकल कॉलेजात माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलातून कलापथकात आलेला, आणि नाव झाल्यावर पण चळवळी न सोडलेला. चळवळीतल्या कार्यकर्त्यांना मदत करणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागूंबरोबर गावोगाव फिरून पैसे गोळा केले. मिमिक्रीवाल्यांनी त्यांचं फक्त वाड्यावर बोलावणं शिल्लक ठेवलंय त्याचा मला जाम राग येतो. १९६८ च्या एक गाव बारा भानगडीतला झेलेअण्णा गाजला आणि पुढं त्याच साच्यात निर्मात्यांनी कोंबलं, त्यात त्यांचा काय दोष.

माणदेशी_गडी:
थँक्स सगळ्यांना. माळीकामाचं सांगितलं तर आई म्हणाली, अगं बाई, कष्टाचा माणूस दिसतोय. मग सिंहासन लावला. अर्धा झाल्यावर विचारते, "ह्यो टोपी कवा घालणार?" म्हटलं ह्यात नाही घालत. तर म्हणे मग बंद कर, तो झेलेअण्णाचा लाव. कुणाकडं चांगली प्रिंट असलेली लिंक असेल तर टाका.