मदत हवी आहे: कॉलेजच्या आर्थिक मदतीचा अर्ज

नमस्कार मंडळी,

भाचीच्या कॉलेजसाठी आर्थिक मदतीचा अर्ज भरतोय आणि गाडी उत्पन्नाच्या रकान्यावर अडली आहे. फॉर्ममध्ये मागच्या पूर्ण वर्षाचं उत्पन्न विचारलंय. तेव्हा दाजींना नोकरी होती, आता नाही. कागदावर घर सुस्थितीत दिसतं, प्रत्यक्षात ताईच्या एकटीच्या पगारावर चाललंय.

जुना आकडा आहे तसाच लिहायचा, त्यात वाद नाही. पण परिस्थिती बदलल्याचं पत्र अर्जासोबतच जोडायचं, की आधी किती मदत देतात ते बघून फेरविचाराची विनंती करायची? नोकरी गेल्याचं पत्र आणि शेवटची पगाराची स्लिप हाताशी आहे. आणखी काय मागतात?

दुसरं म्हणजे, तिला एका ट्रस्टची शिष्यवृत्तीही मिळेल असं दिसतंय. बाहेरून पैसे आले की काही कॉलेजं आपली मदत तेवढी कमी करतात. अशा वेळी ‘अनुदानाला हात लावू नका, आधी कर्ज कमी करा’ असं सांगून कोणाचं काम झालंय का?

आणि हो, मंजुरीच्या पत्रात अनुदान आणि कर्ज एकाच बेरजेत दाखवतात ही मला तर शुद्ध चलाखी वाटते. फेडायचे पैसे ही कसली मदत? शिवाय पुढच्या वर्षी अनुदान चालू राहायला किती गुण लागतील, हे प्रवेश घेण्याआधी लेखी विचारलेलं चालतं ना?

‘सरळ कर्ज काढा, सगळेच काढतात’ हा सल्ला कृपया नको. तो घरी रोज मिळतोय.