विंडोज १० चा आधार संपला. घरातल्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकावे का?

सेलू (जि. परभणी), माध्यमिक शिक्षक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नियमित सुरक्षा अपडेट देणे थांबवले. संगणक त्यानंतरही नेहमीसारखाच सुरू होतो, त्यामुळे आमच्या भागातील अनेक घरांत याची दखलही घेतली गेलेली नाही. परंतु नव्याने सापडणारी प्रत्येक फट त्या संगणकात आता तशीच उघडी राहणार आहे. विंडोज ११ घ्यावे म्हटले तर टीपीएम २.० ही सुरक्षा सोय, सिक्युअर बूट ही संगणक सुरू होतानाची तपासणी आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या वेळी घेतलेले, किंवा पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी काढून टाकल्यावर आपल्याकडे आलेले जे सेकंड हँड डेस्कटॉप आहेत, ते बहुधा चौथ्या किंवा सहाव्या पिढीचे असतात आणि या अटींत बसत नाहीत.

माझे मत असे आहे की हे संगणक भंगारात घालू नयेत, आहे त्याच स्थितीत वापरतही राहू नयेत, आणि त्यांच्यावर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी लिनक्सची एक प्रणाली, टाकावी. घरात संगणकावर होणारे काम पाहिले तर निकाल पाहणे, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे, सातबारा काढणे, बँकेचे व्यवहार आणि मुलांचे व्हिडिओ तास, हे सगळे ब्राउझरमध्येच होते. उरलेला अर्ज-विनंतीचा कागद वर्डसारख्या मोफत लिब्रे ऑफिसमध्ये लिहिता येतो. मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चार जीबी रॅमवर समाधानकारक चालते, तिला पैसे पडत नाहीत, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत.

मराठी लिहिण्याची अडचण येईल, असे मला नेहमी ऐकवले जाते. इनस्क्रिप्ट हा भारतीय मानकातला कीबोर्ड विंडोज आणि लिनक्स दोन्हींत आधीपासूनच दिलेला आहे. ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द लिहिताना शिफ्ट धरून जे ची कळ दाबली की ऱ उमटतो, डी ने त्याचा पाय मोडतो आणि त्यापुढे य जोडला की अक्षर तयार होते. विंडोजवर बसलेली बोटे लिनक्सवर जशीच्या तशी चालतात.

आणखी एक गोष्ट आपण उघडपणे बोलत नाही. गावोगावी फॉरमॅट मारून जे विंडोज टाकून दिले जाते, त्यातले पुष्कळसे विकत घेतलेले नसते. ते चालू करणारे अ‍ॅक्टिव्हेटर बसवताना आधी डिफेंडर हे विंडोजचे विषाणूरोधक बंद करायला सांगितले जाते आणि मग त्याच संगणकावर घरातली माणसे बँकेचा पासवर्ड टाकतात. मला ही गोष्ट अतिशय गंभीर वाटते.

अंबाजोगाई, संगणक दुरुस्तीचे दुकान

सर, आपला हेतू चांगला आहे, पण मी आपल्याशी सहमत नाही. संगणक बिघडल्यावर तो उचलून कोणाच्या दुकानात आणायचा, हा प्रश्न आपल्या लेखात कुठेच आला नाही. विंडोज बिघडले तर कोणत्याही तालुक्याच्या गावी ते दुरुस्त करणारा मुलगा संध्याकाळपर्यंत सापडतो, तर लिनक्स जाणणारा माणूस शोधायला लोकांना संभाजीनगर किंवा लातूर गाठावे लागते, आणि संगणक बंद असलेला तो आठवडा नेमका अर्जाच्या शेवटच्या तारखेचा असतो.

प्रिंटरचे उदाहरण देतो. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत आणि शिक्षकांच्या घरांत एका जुन्या छोट्या लेझर प्रिंटरचे मॉडेल सर्रास आढळते. त्याला संगणकाने आज्ञा देण्याची पद्धत त्या कंपनीची स्वतःची आहे. कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर, दिलेला आहे, पण तो बसवायचा म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा टंकून प्रिंटरची नोंद करायची, त्याची वेगळी सेवा चालू ठेवायची, आणि एवढे करूनही प्रिंटर बंद करून पुन्हा लावला की कागद बाहेर येत नाही. मी एका ग्राहकाकडे हे करून दिले. सकाळी चाललेला प्रिंटर संध्याकाळी वीज जाऊन आल्यावर मुका झाला, आणि त्या ग्राहकाने रात्री दुकानासमोर संगणक आणून ठेवला. त्याच्या दृष्टीने लिनक्सही मीच बिघडवले होते.

शिवाय विंडोज १० एका दिवसात मेलेले नाही. मायक्रोसॉफ्टचे खाते जोडून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर घरगुती संगणकाला वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पैसे न भरता मिळतात. फक्त विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती असावी लागते. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला, तरी क्रोम ब्राउझर त्यावर २०२३ च्या सुरुवातीपर्यंत मिळत होता. मी ग्राहकाला जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क बसवायला सांगतो, वाढीव अपडेट चालू करून देतो आणि नव्या संगणकासाठी पैसे बाजूला टाकायला सांगतो.

जालना, अडत दुकानाचे हिशेब

मी मोंढ्यातल्या अडत दुकानांचे हिशेब लिहितो आणि हंगामात रात्री घरी बसून काम करतो. ज्यात हिशेब लिहितो ती टॅली विंडोजवरच चालते. वाइन नावाच्या सोयीतून ती लिनक्सवर चालवता येते असे सांगणारे भेटतात, पण तुरीची आवक जोरात असताना आणि दहा व्यापाऱ्यांचा उतारा त्याच रात्री मिळवायचा असताना असल्या सोयीवर मी भरवसा ठेवणार नाही. डिजिटल सहीच्या टोकनचेही तेच आहे. त्यामुळे ‘घरातले काम ब्राउझरमध्येच होते’ हे सरांचे विधान मला मान्य नाही; आपल्याकडे घर आणि धंदा एकाच टेबलावर असतात.

मी कर्ज काढून विंडोज ११ चा लॅपटॉप घेतला. ज्याची भाकरी संगणकावर आहे त्याने तेच करावे.

सेलू, धागालेखक

टॅलीबद्दल वाद नाही. ज्या घरात टॅली आहे, त्या घरातल्या कामाच्या संगणकाला लिनक्स लावा असे मी म्हणणारच नाही. पण त्या लॅपटॉपच्या शेजारी जुना डेस्कटॉप पडून असेल, तर तो मुलांसाठी का चालू ठेवू नये?

अंबाजोगाईच्या दादांना माझे उत्तर थोडे लांब आहे. ‘अपडेट नसले तरी काही होत नाही’ ही समजूत मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या विषाणूने जगभर खोटी पाडली. ज्या फटीतून तो शिरला, तिच्यावरचे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेले होते; ज्यांनी ते घेतले नाही त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. आपण सांगितलेली वाढीव मुदत उपयोगी आहे, आणि प्रत्येक विंडोज १० वाल्याने ती घ्यावी असेच मीही म्हणेन. परंतु तिला शेवट आहे, आणि त्या दिवशी तोच संगणक पुन्हा आपल्याच दुकानात येणार आहे.

दुरुस्ती करणारा सापडत नाही, हे खरे आहे. पण तो कधी तयार होणार? केरळच्या सरकारी शाळांत अनेक वर्षे लिनक्सवर शिकवले जाते, आणि तिथल्या मुलांना त्याची भीती वाटत नाही. सी-डॅक या आपल्या सरकारी संगणक संशोधन संस्थेने बॉस नावाची भारतीय लिनक्स प्रणाली केली. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात असूनही आमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेच्या संगणक खोलीत बॉस माझ्या पाहण्यात आली नाही.

अंबाजोगाई, दुरुस्तीचे दुकान

केरळमध्ये सरकारने आधी शिक्षकांना शिकवले, पुस्तके त्यावर बेतली आणि दुरुस्तीची व्यवस्था उभी केली. आपल्याकडे यातले काहीही न करता घरातल्या आईवडिलांनी सुरुवात करावी, असे आपण म्हणता. व्यवस्था नसताना प्रयोगाचा भार सर्वांत कमी माहिती असलेल्या माणसावर टाकणे मला योग्य वाटत नाही.

नांदेड, अभियांत्रिकीची विद्यार्थिनी

सर, लिनक्स टाकावे या मताशी मी सहमत आहे, पण आपण दिलेले कारण मला अपुरे वाटते. ‘जुना आहे, दुसरे काही चालत नाही म्हणून लिनक्स’ असे सांगितले की मुलांना ते गरिबाचे विंडोज वाटू लागते. माझ्याकडे बाबांचा जुना डेस्कटॉप आहे आणि मी सी व पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा त्याच्यावरच शिकले. लिहिलेला प्रोग्रॅम चालण्याजोगा करणारा कंपायलर एका आज्ञेत बसतो, त्रुटी आली तर ती लपवली जात नाही, आणि जगातल्या बहुसंख्य सर्व्हरवर जी प्रणाली चालते तीच घरात हाताळायला मिळते. नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलांसाठी ही संधी मोठी आहे, आणि तिच्याबद्दल आपण अभिमानाने बोलले पाहिजे.

तरीही दोन ठिकाणी मी अडते. यंत्र अभियांत्रिकीच्या माझ्या मैत्रिणींना सॉलिडवर्क्स हे आरेखनाचे सॉफ्टवेअर लागते आणि ते लिनक्ससाठी मिळत नाही. तसेच घरून देण्याच्या काही ऑनलाइन परीक्षांचे निरीक्षण करणारे सॉफ्टवेअर फक्त विंडोज मागते. म्हणून प्रवेशाच्या वर्षी नवा लॅपटॉप घेणार असाल तर अभ्यासक्रम पाहूनच प्रणाली ठरवा. दोन्ही प्रणाली एकाच डिस्कवर ठेवायच्या असतील, तर पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या विभागणीला, हात लावण्याआधी घरातले फोटो आणि कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. तिथे एक चुकीचे बटण दाबले की सगळे जाते.

अटींत न बसणाऱ्या संगणकावर आडवाटेने विंडोज ११ टाकून देणारेही आता भेटतात. मायक्रोसॉफ्टने अशा संगणकांना अपडेटची हमी दिलेली नाही, हे त्यांच्याकडून आधी वदवून घ्यावे.

धाराशिव, टंकलेखन व डीटीपी

इनस्क्रिप्टचे कौतुक वाचले. माझ्या संगणकात न्यायालयीन अर्ज, खरेदीखते आणि लग्नपत्रिकांचा वर्षानुवर्षांचा साठा आहे, आणि तो सगळा युनिकोड या आजच्या सामाईक अक्षरपद्धतीच्या आधीच्या फाँटमध्ये आहे. त्या फाँटमध्ये मराठी अक्षर म्हणजे आतून इंग्रजी अक्षराचाच संकेतांक असतो. फाँट काढला की ‘वादी’ आणि ‘प्रतिवादी’ यांच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. त्या फाइली उघडणारे, त्यात दुरुस्ती करू देणारे आणि माझ्या सवयीच्या कीबोर्डवर चालणारे सॉफ्टवेअर विंडोजचे आहे. पत्रिका कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात आणि छपाईवाला तीच फाइल मागतो. लिब्रे ऑफिसमध्ये उघडलेल्या वर्डच्या फाइलीतला तक्ता एका ओळीने जरी खाली सरकला, तरी पक्षकार मला दोष देतो. आम्हा लोकांसाठी लिनक्स हा पर्याय नाही, आणि तो आहे असे कोणी भासवू नये.

सेलू, धागालेखक

आपला साठा मला महत्त्वाचा वाटतो, म्हणूनच काळजी वाटते. जुना फाँट आणि त्याचे सॉफ्टवेअर ज्या विंडोजवर चालते, त्या विंडोजबरोबर तो साठाही अडकलेला आहे. जे कागद पुन्हा लागणार आहेत, ते तरी परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणून ठेवावेत, आणि आणल्यावर जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासावेत, कारण परिवर्तक नेमके तिथेच चुकतात. कोरलड्रॉचा संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवला आणि फाइली पेन ड्राइव्हने तपासून ने-आण केल्या, तर जुन्या विंडोजवरही काम सुरक्षितपणे करता येईल.

हिंगोली, वाचक

आमच्याकडे उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. कोणतीही प्रणाली टाकायची असली तरी इन्व्हर्टर किंवा यूपीएस असल्याशिवाय सुरू करू नये, हे कोणीतरी लिहायला हवे होते.

अंबाजोगाई, दुरुस्तीचे दुकान

हिंगोलीच्या वाचकांचे म्हणणे बरोबर आहे.

सरांच्या आग्रहाखातर मी एवढे करीन. ज्या ग्राहकाचा संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, त्याला दुकानात पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून दाखवीन. डिस्कला हात न लावता त्याला वाय-फाय, आवाज आणि मराठी कीबोर्ड स्वतः तपासता येईल, आणि घरचा प्रिंटर त्याने सोबत आणलाच पाहिजे. प्रिंटर नसेल आणि घरात फक्त शिकणारी मुले असतील, तर मी लिनक्स टाकून देईन आणि त्याची मजुरी विंडोजइतकीच घेईन, कारण वेळ तितकाच जातो. पण जिथे तो जुना लेझर प्रिंटर आहे किंवा टॅली आहे, तिथे ग्राहकाने स्वतः मागितले तरी मी नाही म्हणेन.