डाव्या एट्रियममधली गाठ: मिक्सोमा की ऑर्गनाइझ होणारा थ्रोम्बस? ब्लॉक कुठून घ्यावेत?

नवी_रेसिडेंट
हृदयाच्या डाव्या एट्रियममधून (वरच्या कप्प्यातून) काढलेला ५ × ४ × ३ सेंमीचा नमुना आहे. मऊ, बुळबुळीत, पिवळट-तपकिरी, मधे काळपट लाल डाग. देठ आहे आणि त्याला सेप्टमचा (कप्प्यांमधल्या पडद्याचा) साधारण १ सेंमीचा तुकडा चिकटलेला आहे. इकोच्या रिपोर्टवर मिक्सोमा (हृदयातली सौम्य, चिकट गाठ) लिहिलंय. पण घेतलेल्या तीन ब्लॉकमध्ये (मेणात बसवलेल्या तुकड्यांमध्ये) बहुतेक फायब्रिन (गोठलेल्या रक्तातले तंतू), रक्त आणि हिमोसिडरिनच (जुन्या रक्तातलं लोह) दिसतंय. एक-दोन ठिकाणी चांदणीसारख्या पेशी असाव्यात असं वाटतं. थ्रोम्बस (रक्ताची गुठळी) म्हणून रिपोर्ट द्यावा का? की आधी कॅल्रेटिनिन (मिक्सोमाच्या पेशी प्रतिपिंडानं रंगवणारी इम्युनो तपासणी) लावावं?

ग्रॉसिंग_टेबल
दोन्ही नको. आधी आणखी ब्लॉक घ्या, आणि ते देठाकडून घ्या. मिक्सोमाचं मोकळं टोक रक्तस्रावानं भरलेलं असतं, वर बऱ्याचदा खराखुरा थ्रोम्बसही चढलेला असतो. तिन्ही ब्लॉक तिथलेच असतील तर फायब्रिनच दिसणार.

सेप्टमच्या कापलेल्या कडेला शाई लावा. मग सुरी देठातून उभी न्या, म्हणजे सेप्टम, देठ आणि गाठ एकाच कापात येतात. हा काप सर्वांत महत्त्वाचा, तो पूर्ण ब्लॉकमध्ये घाला. बाकीच्या गाठीचे ४-५ मिमीचे काप पाडून रंग किंवा पोत बदलेल तिथून घ्या, आणि एकूण दर सेंटिमीटरला एक ब्लॉक तरी असू द्या. साबुदाण्याच्या खळीसारखा पारदर्शक, चिकट भाग दिसला की तोच घ्या. काळपट लाल भाग सगळ्यात शेवटी.

फॉर्मलिन नमुन्याच्या १० ते २० पट असायला हवं. एवढी गाठ न कापता लहान डबीत ठेवली तर मधला भाग कच्चा राहतो, पेशी पुसट होतात आणि त्यांना तारेचा आकार आहे की नाही हेच कळत नाही. सुरीला करकर लागली, म्हणजे कॅल्शियम साचलं असेल, तर तेवढाच तुकडा फॉर्मिक ॲसिडमध्ये डिकॅल्सिफाय करा. तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरलं तर केंद्रकांचा रंग उडतो आणि इम्युनोही बिघडतं. मिक्सोमाचे सेक्शन (स्लाइडसाठीचे पातळ काप) वॉटर बाथवरच विरघळल्यासारखे पसरतात, रंगवताना निसटतात. कोटेड स्लाइड घ्या आणि ३७ अंशांवर रात्रभर वाळवा.

पृष्ठभागावर बारीक झालरी असतील तर नमुना पाण्यात सोडून बघा. समुद्रफुलासारख्या सुट्या, नाजूक शाखा उलगडल्या तर पॅपिलरी फायब्रोइलास्टोमाचाही (हृदयातली दुसरी सौम्य गाठ) विचार करावा. तो बहुतेकदा झडपेवर असतो, त्याच्या शाखांमध्ये रक्तवाहिन्या नसतात आणि इलास्टिक स्टेनवर गाभ्यातले तंतू काळे दिसतात.

चाळीस_एक्स
आता स्लाइडवर काय शोधायचं ते. मिक्सोमाच्या पेशी एकेकट्या, दोरीसारख्या ओळीत, किंवा केशिकेभोवती एक-दोन-तीन पदरी कड्यात बसतात. सायटोप्लाझम गुलाबी, केंद्रक अंडाकृती, मिटोसिस (पेशीविभाजन) जवळपास नाही. भोवतीचा निळसर चिकट पदार्थ अल्सियन ब्लू रंगावर (पीएच २.५) उठून दिसतो. केशिकेभोवतीचं कडं एकदा नीट सापडलं की निदान जवळपास झालंच. नुसत्या विखुरलेल्या ‘चांदण्यां’वर मात्र भरवसा ठेवू नका, कारण ऑर्गनाइझ होणाऱ्या (हळूहळू तंतूमय ऊतीत बदलणाऱ्या) थ्रोम्बसमधले फायब्रोब्लास्टही चिकट पार्श्वभूमीवर हुबेहूब तसेच दिसतात.

थ्रोम्बसमध्ये फायब्रिन-प्लेटलेट आणि लाल पेशींचे आलटूनपालटून थर असतात आणि दुरुस्ती चिकटलेल्या कडेकडून आत सरकत जाते. हिमोसिडरिन दोन्हीत असतं, त्यामुळे प्रशियन ब्लूचा (लोह दाखवणाऱ्या रंगाचा) इथे उपयोग नाही. जागाही बघा. फोसा ओव्हॅलिसला (सेप्टममधल्या खळग्याला) देठ असेल तर पारडं मिक्सोमाकडे झुकतं. आपल्याकडे रुमॅटिक मायट्रल स्टेनोसिस (अरुंद झालेली झडप) आणि एट्रियल फिब्रिलेशनचे (एट्रियमच्या अनियमित ठोक्यांचे) रुग्ण भरपूर, आणि त्यांच्यात गुठळी सहज होते. गाठ अपेंडेजमधली (एट्रियमच्या पिशवीसारख्या कोपऱ्यातली) असेल तर थ्रोम्बस आधी आठवावा.

इम्युनो_बेंच
कॅल्रेटिनिन लावायचंच असेल तर देठाजवळच्या ब्लॉकवर. केंद्रक आणि सायटोप्लाझम दोन्ही रंगायला हवेत. सेप्टमच्या चरबीत मज्जातंतू सापडला तर तोच आतला कंट्रोल (रंग नीट चढल्याची खूण). निकाल निगेटिव्ह आला तर मिक्सोमा नाही असं समजू नका. काही मिक्सोमा निगेटिव्ह असतात आणि डिकॅल्सिफाय केलेल्या तुकड्यात अँटिजेन मार खातं. सीडी३१ आणि सीडी३४ (रक्तवाहिन्यांच्या पेशी रंगवणारे मार्कर) या प्रश्नापुरते बाजूला ठेवा, थ्रोम्बसमधल्या नव्या केशिकाही त्यांनी रंगतात.

चाळीस_एक्स
बरोबर. एक सावधगिरी राहिली. चिकट पार्श्वभूमीचा सार्कोमा (एक कर्करोग) डाव्या एट्रियममध्ये मिक्सोमाचं सोंग घेतो, आणि ही चूक रुग्णाला सगळ्यात महागात पडते. तळ सेप्टमवर नसून मागच्या भिंतीवर किंवा फुप्फुसशिरेच्या तोंडाशी असेल, पेशी दाट असतील, केंद्रकं वेडीवाकडी असतील, सहज मिटोसिस दिसत असतील, तर इंटिमल सार्कोमासाठी एमडीएम२ जनुकाची फिश (जनुकाच्या प्रती मोजणारी) तपासणी करून घ्या. उजव्या एट्रियमची भिंत पोखरून पेरिकार्डियममध्ये शिरलेली रक्ताळ गाठ असेल तर अँजिओसार्कोमा (रक्तवाहिन्यांच्या पेशींचा कर्करोग). तिथे मात्र ईआरजी आणि सीडी३१ खरे कामाला येतात.

नवी_रेसिडेंट
देठातून उभा काप घेऊन पाच ब्लॉक टाकले. देठालगतच्या दोन ब्लॉकमध्ये केशिकांभोवती स्पष्ट कडी आहेत. मिटोसिस नाही, नेक्रोसिस (मृत भाग) नाही. सेप्टमच्या शाईपर्यंत गाठीच्या पेशी पोचलेल्या नाहीत. कॅल्रेटिनिन पॉझिटिव्ह. रुग्ण ३१ वर्षांची आहे, हे रिपोर्टमध्ये कुठे येतं?

ग्रॉसिंग_टेबल
येतं, आणि ठळकपणे यावं. निदानाच्या ओळीत कार्डियाक मिक्सोमा, जागा, आकार आणि सेप्टमची कड मोकळी असल्याचं लिहा. टिपेत वयाचा उल्लेख करून कार्नी कॉम्प्लेक्सची (मिक्सोमा होणारा आनुवंशिक आजार) चौकशी सुचवा: ओठ-पापण्यांवर गडद ठिपके, त्वचेत किंवा स्तनात मिक्सोमा, कुशिंगची (कॉर्टिसोल वाढल्याची) लक्षणं, घरात कुणाची अशीच हृदयशस्त्रक्रिया. यातलं काही निघालं तर पीआरकेएआर१ए जनुकाची तपासणी आणि जवळच्या नातेवाइकांचा इको. या रुग्णांत गाठी अनेक असतात आणि सेप्टम स्वच्छ काढूनही हृदयात दुसरीकडे नवी गाठ येऊ शकते, म्हणून फॉलोअपचा इको चुकवू नये हेही लिहा. आणि सर्जनना फोन करून बाकीचे तिन्ही कप्पे पाहिले होते का ते विचारा.